भुताच्या नावे समन्स

रविवार, ११ मार्च १९७९. जमा रक्कम रुपये एकवीस, चाळमालकाने आगाऊ भरलेले. ठिकाण: नाशिक, द्वारका चौकाच्या पुढे, पुणे रस्त्याला लागून असलेली सहा खोल्यांची बैठी चाळ, खोली नंबर चार. हजर: मंडळाचे अध्यक्ष बेलीफसाहेब, सभासद म्हणून फोटो स्टुडिओवाले आणि शाळेत शास्त्र शिकवणारे एक मास्तर, खजिनदार म्हणून मी, अर्जदार चाळमालक, साक्षीदार पाच नंबरच्या खोलीतल्या वहिनी, आणि प्रतिवादी सुमनबाई, वय बेचाळीस, मयत, यांच्यातर्फे त्यांची मुलगी शोभा.

भुतांच्या नावे आमच्या मंडळाने तोवर बरीच समन्स काढली होती. प्रतिवादीतर्फे कुणी हजर राहण्याची ती पहिलीच वेळ. मुलीचं मागणं एकच होतं. खोलीच्या दारावर आम्ही डकवलेल्या कागदावर तिच्या आईचं नाव होतं, ते काढून टाका.

त्या दिवशी काय झालं ते सांगेनच. पण आधी बेलीफसाहेब कोण ते सांगायला हवं, नाहीतर भुताला समन्स काढणारी माणसं वेडी होती असा वाचणाऱ्याचा समज होईल. आम्ही वेडे नव्हतो. आम्ही फार पद्धतशीर होतो.

चौतीस वर्षं ते कोर्टात बेलीफ होते. कोर्टाची समन्स लोकांच्या दारात नेऊन द्यायची आणि हुकूम झाला की लोकांचं सामान जप्त करून आणायचं, ही त्यांची नोकरी. ज्याच्या येण्याने एकाही घरात कधी चहा टाकला गेला नाही असा माणूस. उंच, थोडे वाकलेले, हातात बारा महिने छत्री. छत्री पावसासाठी नव्हती, कुत्र्यांसाठी होती. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात शाईचं पॅड, रबरी शिक्का आणि एका जुन्या डालड्याच्या डब्यात गव्हाच्या पिठाची खळ. ती खळ त्यांच्या पत्नी दर रविवारी सकाळी शिजवून द्यायच्या. निवृत्त झाल्यावर तरी पिठाची ही नासाडी थांबेल असं त्या माउलीला वाटलं होतं. मंडळ निघाल्याचं कळल्यावर त्या मला म्हणाल्या, "चौतीस वर्षं जिवंत माणसांच्या दारात शिव्या खाल्ल्या ह्यांनी. आता मेलेल्यांच्या खायच्या राहिल्यात."

निवृत्तीने माणूस बदलतो म्हणतात. हे बदलले नाहीत. ते आमच्या घरी दिवाळीच्या फराळाला येत. दार सताड उघडं असलं आणि मी समोर खुर्चीत बसलेलो असलो, तरी उंबऱ्याबाहेर उभे राहून माझं वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट पूर्ण नाव तीनदा पुकारत. मी 'हजर' म्हटल्यावरच चपला काढत. माझ्या मुलांना याची एवढी सवय झाली की छत्री दिसली की ती आतून सांगत, "बाबा, हजर म्हणा लवकर, चकल्या गार होतात."

भुतांकडे ते कसे वळले, तेही त्यांच्या नोकरीतूनच. नोकरी नवी असताना त्यांना गंगापूर रस्त्याच्या एका मळ्यात समन्स घेऊन जायचं होतं. वाटेत भेटेल तो सांगू लागला की त्या घरात हडळ आहे, पोस्टमनसुद्धा जात नाही. हे गेले. पुकारा केला. आतून बाईचा रडण्याचा आवाज आला. ह्यांनी दारावर समन्स डकवलं आणि नियमाप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवलं. रक्कम वाचताना चूक झाली, हजाराच्या जागी दीड हजार वाचलं गेलं. तेव्हा आतून हडळ पुरुषाच्या आवाजात म्हणाली की हजारच घेतले होते. त्या दिवसापासून त्यांचं मत कायम झालं. ते आम्हाला नेहमी सांगत, "भूत हा समन्स चुकवण्याचा एक प्रकार आहे. बजावणी नीट झाली की निम्मी भुतं जागेवरच बोलू लागतात."

उरलेल्या निम्म्यांचं काय, असं शास्त्राच्या मास्तरांनी एकदा विचारलं. त्यांच्याविरुद्ध एकतर्फी निकाल द्यायचा, असं उत्तर मिळालं.

मंडळाचं नाव अदृश्य उपद्रव चौकशी मंडळ. कामाची रीत ठरलेली. ज्याच्या घरात उपद्रव असेल त्याने लेखी अर्ज करायचा आणि एकवीस रुपये भरायचे. अर्जात भुताचं पूर्ण नाव, वय, धंदा आणि राहणार कुठे हे हवं. निनावी भुताची चौकशी होत नसे. मग मंडळ जागेवर जाई, दोन बाहेरचे पंच घेऊन पंचनामा करी, भुताच्या नावे पंधरा दिवसांच्या मुदतीचं समन्स दारावर डकवी आणि मुदत संपल्यावर येणाऱ्या रविवारी सुनावणी ठेवी. भुताने येऊन आपलं म्हणणं मांडावं. न आल्यास त्याचं काही म्हणणं नाही असं धरलं जाई.

हे सगळं दिवसाउजेडी. सूर्यास्तानंतर कुणाच्या राहत्या घरात शिरायचं नाही, हा जप्तीचा नियम त्यांच्या हाडात मुरला होता. अर्जदार काकुळतीला येऊन सांगत की साहेब, ते रात्रीच येतं, दिवसा काही दिसायचं नाही. बेलीफसाहेब म्हणत की ते त्याच्या सोयीने येतं, आम्ही आमच्या वेळेत येणार. त्यामुळे माझ्या माहितीप्रमाणे आमचं मंडळ हे एकही रात्र न जागलेलं एकमेव भूत-संशोधन मंडळ असावं. सकाळी साडेदहाला सुरुवात, एक वाजता डबे, पाचला बंद. अर्जदाराच्या घरचा चहा घ्यायचा नाही. पाणी चाले.

सभासदही ज्याच्या त्याच्या जागी चोख. मास्तर थर्मामीटर आणि होकायंत्र आणत. प्रत्येक खोलीत होकायंत्र जमिनीवर ठेवून ते ओणवे होत आणि सुई उत्तरेकडेच आहे असं जरा खिन्न आवाजात जाहीर करत. कधीतरी ती दुसरीकडे वळेल या आशेवर त्या माणसाने आठ वर्षं काढली. फोटोवाले फक्त डकवलेल्या समन्सचा फोटो काढत, कारण रोल महाग होता आणि आलंच तर भुतासाठी दोन फोटो शिल्लक ठेवणं भाग होतं. माझ्याकडे जमाखर्च.

आता या रीतीने काही कामं झाली का, तर झाली. घोटीला एका भातगिरणीत रात्रीतून तांदळाची पोती कमी होत. भूत तांदूळ खातं असा मुनीमजींचा लेखी अर्ज आला. बेलीफसाहेबांचा पहिला प्रश्न सगळीकडे एकच असे: "दारं किती, कुलपं किती, किल्ल्या कुणाकडे?" घोटीत हा प्रश्न विचारल्यावर मुनीमजींनी पाणी मागितलं, आणि आम्ही एस.टी. स्टँडवर परत पोचायच्या आत अर्ज मागे घेतल्याचा निरोप घेऊन सायकलवरून माणूस आला.

काही कामांत मात्र पद्धत जरा तोकडी पडली. एका पिंपळावरच्या मुंजाला आम्ही समन्स काढलं आणि खोडाला डकवलं. खळ चांगल्या पिठाची असल्यामुळे दुसऱ्या दिवशी बकरीने कागद खाल्ला. आता बजावणी झाली की नाही? फोटोवाल्यांचं म्हणणं की झाली नाही. बेलीफसाहेबांनी दोन दिवस विचार करून निर्णय दिला की कागद प्रतिवादीच्या निवासस्थानी, तिथे नित्य वावरणाऱ्याने स्वीकारला आहे, सबब बजावणी झाली. पुढे मुंजा आला नाही. निकाल एकतर्फी झाला आणि मुंजाने पंधरा दिवसांत पिंपळ सोडावा असा हुकूम आम्ही त्याच खोडाला डकवला. तोही बकरीने खाल्ला.

हे सारं सांगताना मला हसू येतं, तेव्हाही येत असे. पण चाळीच्या खोली नंबर चारचं काम आलं तेव्हा त्या पद्धतीच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस उभं आहे हे आमच्यातल्या कुणाच्याही ध्यानात आलं नाही.

चाळमालक मूळचे चांदवडकडचे, कांद्याच्या व्यापारात पैसा मिळवून त्यांनी ही चाळ बांधली होती. अर्ज करायला स्वतः आले. म्हणाले, "साहेब, लय तरास झालाय. चार महिनं झालं खोली बंद हाय. भाडेकरू येतो, शेजारी काय सांगत्यात ते ऐकतो आन निघून जातो. तुमी नुसतं लिहून द्या, भूत नाय म्हून."

बेलीफसाहेबांनी सांगितलं की भूत नाही असं मंडळ लिहून देत नाही. बजावणी झाली आणि कुणी आलं नाही, एवढंच देतं. मालकांना त्यातला फरक समजला नाही, पण शिक्का मिळणार का एवढं विचारून त्यांनी पैसे भरले.

खोलीत आधी सुमनबाई राहत. नवरा लवकर गेलेला, एक मुलगी, पायाच्या शिलाई मशीनवर कपडे शिवून घर चालवत. ऑक्टोबरात त्या वारल्या. मुलगी मामाकडे निफाडला गेली. तीन महिन्यांचं भाडं थकलं होतं म्हणून मालकांनी मशीन आत ठेवून खोलीला कुलूप घातलं. आणि महिन्याभरात रात्री बंद खोलीतून मशीनचा आवाज येऊ लागला.

आम्ही गेलो, साक्षी घेतल्या. एक नंबरने ऐकलं होतं, तीन नंबरने ऐकलं होतं, सहा नंबरच्या म्हाताऱ्यांनी तर हिरव्या लुगड्यातली बाई नळावर पाहिली होती. मुख्य साक्ष पाच नंबरच्या वहिनींची. भिंतीला भिंत लागून, त्यांच्याइतकं जवळून कोण ऐकणार? बेलीफसाहेबांनी विचारलं की उपद्रव देणाऱ्या बाईंचं नाव काय. कुणीतरी सुमन म्हणालं. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं, सगळ्यांनी माना हलवल्या, वहिनींनीही हलवली. मरण कशाने? विहिरीत उडी घेतली म्हणतात, असं मागून कुणीतरी म्हणालं. तेही लिहिलं गेलं. धंदा या रकान्यापाशी ते जरा अडखळले आणि 'सध्या काही नाही' असं लिहिलं.

मग कुलूप काढून पंचनामा. दार एक, खिडकी एक, आतून बंद, गज शाबूत. कुलूप एक, किल्ली एक, ती मालकाच्या कमरेला. खाट एक, बादली एक. मशीन एक, पायाची, बेलीफसाहेबांनी चाक फिरवून बघितलं आणि समाधानाने सांगितलं, "स्थिती उत्तम. स्वच्छ आहे, तेलपाणी झालेलं. दीडशेच्या खाली जाणार नाही." जप्तीला गेलेला माणूस वस्तूची किंमत करतो, ती सवय. मास्तरांनी सुई उत्तरेकडे असल्याचं सांगितलं. फोटोवाल्यांनी दारावरच्या कागदाचा फोटो काढला. कागदावर ठळक अक्षरांत: सुमनबाई, प्रतिवादी, मयत, विहिरीत पडून, यांनी तीन महिन्यांपासून चालवलेल्या उपद्रवाबाबत हजर राहून खुलासा करावा. खाली शिक्का.

त्या कागदाने जे व्हायचं ते झालं. तोवर भुताची गोष्ट चाळीतल्या चाळीत होती. आता रस्त्याने जाणारे टांगेवाले थांबून वाचू लागले. शिक्का असल्यामुळे सरकारनेच भूत मंजूर केलं असं लोक धरून चालले. तीन नंबरच्या बिऱ्हाडाने दुसरी जागा बघायला सुरुवात केली. मालक धावत माझ्याकडे आले आणि म्हणाले की आधी चाळीलाच माहीत होतं, आता पार नाशिकरोडपर्यंत झालं. मी त्यांना मुदत संपेपर्यंत कागद काढता येत नाही हा नियम सांगितला. नियम खरा होता.

असाच कुणीतरी निफाडचा माणूस येताजाता वाचून गेला आणि तिकडे मामाच्या घरी सांगता झाला.

अकरा मार्चला साडेदहा वाजता बेलीफसाहेबांनी खोलीच्या दारात उभं राहून सुमनबाईंचं नाव तीनदा पुकारलं. दोनदा पुकारून झालं तेव्हा चाळीतले लोक नेहमीसारखे तोंडावर पदर आणि रुमाल धरून उभे होते. तिसऱ्या पुकाऱ्याला मागून आवाज आला, "हजर."

माझ्या शेजारी उभ्या मास्तरांच्या हातून होकायंत्र पडलं. वीस-एकवीस वर्षांची मुलगी पुढे आली, साधी सुती साडी, हातात पिशवी. तिने जयभीम केला. आम्ही बाकीचे नमस्कार म्हणालो. बेलीफसाहेब जयभीम म्हणाले. ज्याच्या दारात जायचं त्याचा रामराम त्याच्याच शब्दांत परत करायचा, हे त्यांना नोकरीने शिकवलं होतं.

ती म्हणाली, "आईच्या नावाचा कागद लागलाय म्हणून आले. आई येऊ शकत नाही. मी बोलले तर चालेल का?"

मंडळाच्या नियमांत भुताच्या वारसाने हजर राहण्याची तरतूद नव्हती. तरी बेलीफसाहेबांनी चालेल म्हटलं आणि तिला खाटेवर बसायला सांगितलं. ती बसली नाही.

आई विहिरीत पडली नाही, असं तिने आधी सांगितलं. कावीळ झाली होती. दवाखान्यात सहा दिवस ती स्वतः उशाशी होती. या चाळीतली माणसं तिरडीला खांदा द्यायला होती, त्यांना हे माहीत आहे. मग तिने समोरच्यांकडे बघितलं. एकही जण तिच्याकडे बघेना.

मग तिने बेलीफसाहेबांना विचारलं, "माझ्या आईचं नाव दारावर लावायच्या आधी तुम्ही कुणाला विचारलं?"

"चाळीला," ते म्हणाले. "साक्षी घेतल्या. रीतसर."

"निफाडला मी आहे, मामा आहे. आम्हाला एक पोस्टकार्ड टाकलं असतं तर?"

चौतीस वर्षं समन्स वाटलेल्या माणसाने, जिथे खरोखर बजावणी करता आली असती असा एकच पत्ता विचारला नव्हता.

ती मशीनकडे गेली. आईची वस्तू बघायला गेली असेल असं मला वाटलं. तिने चाकावर बोट फिरवून बोटाकडे बघितलं. मग सुईत ओवलेला दोरा ओढला. निळा होता. तिने खोलीभर नजर फिरवली, दार, खिडकी, आणि मग मान वर केली. तेव्हा आम्हीही केली. बैठ्या चाळीत असतं तसं होतं: मधली भिंत माणसाच्या डोक्याच्या वर हातभर जाऊन थांबली होती, त्यावर कौलांपर्यंत सगळं मोकळं. पलीकडे पाच नंबर. आम्ही चौघं त्या खोलीत दुसऱ्यांदा आलो होतो. दार, कुलूप, किल्ली, गज, सगळं तपासलं होतं. ज्याने जन्मभर दारं बघितली त्याच्या मागोमाग आम्हीही दारच बघत होतो.

बाहेर पाच नंबरपुढच्या दोरीवर शाळेच्या निळ्या चड्ड्या वाळत होत्या.

शोभाने कुणाचं नाव घेतलं नाही. ती एवढंच म्हणाली, "कुणीतरी शिवतंय. आवाज मशीनचा आहे, आईचा नाही. तेवढं लिहा."

तिने नाव न घेतल्यामुळेच की काय, वहिनींना राहवलं नाही. दारातूनच म्हणाल्या, "काय करू शोभा? शिंपी एका चड्डीचे चार रुपये मागतो. तीन पोरं. पेटीवर स्टूल ठेवून भिंतीवरून उतरायचे रात्री. तुझी आई असती तर फुकट दिल्या असत्या शिवून."

"आई असती तर दिवसा शिवल्या असत्या, मावशी. मशीन वापरलीत त्याचं काही नाही. पण आवाज झाला की सुमन आली, असं तुम्ही सांगितलंत."

"मी नाही गं सांगितलं. लोक म्हणाले. मी फक्त हो म्हटलं."

चाळमालकांना आता जोर चढला. त्यांच्या मते ही चोरी होती, पोलिसात द्यायला हवं, भाडेकरू गेले त्याची भरपाई वहिनींनी करायला हवी, आणि मशीन तर त्यांचीच, भाड्यापोटी ठेवलेली. बेलीफसाहेब इतका वेळ खाली बघत होते. मशीनचं नाव निघाल्यावर त्यांनी मान वर केली.

"शेठ, शिवणाऱ्याची मशीन म्हणजे कारागिराचं हत्यार. भाडं थको नाहीतर कर्ज थको, ती जप्त करता येत नाही. कोर्टाचा हुकूम हातात असतानासुद्धा मी कधी उचलली नाही. तुम्ही तर नुसत्या कुलपावर ठेवलीत."

"मंग माझं भाडं?"

"दावा लावा. समन्स निघेल. ह्या वेळी पत्त्यावर निघेल."

मालकांनी विचारलं की निदान भूत नसल्याचा शिक्का तरी मिळेल ना. त्यांना मिळाला. त्यावर लिहिलं होतं की खोलीतला आवाज शिलाई मशीनचा होता, मशीन हलवण्यात येत आहे, आणि मधली भिंत कौलांपर्यंत नाही ती अर्जदाराने बांधून घ्यावी. एकवीस रुपयांत त्यांना गवंडीकामाचा सल्ला मिळाला.

बेलीफसाहेब १९८६ साली गेले. मधल्या वर्षांत मंडळाने आणखी पाच-सहा कामं केली असतील. समन्सवर प्रतिवादीचं नाव लिहिणं त्यांनी बंद केलं होतं. नावच नाही तर समन्स कुणावर, असं मास्तरांनी एकदा म्हणून बघितलं, तेव्हा ते म्हणाले की नसू दे, तेवढी बजावणी कमी. पुढे माणसं घटली, माझी बदली झाली, आणि त्यांच्या पत्नीचं पीठ एकदाचं वाचलं. ते गेल्यावर भेटायला गेलो तेव्हा त्या मला म्हणाल्या की आता दारात कुणी पूर्ण नावाने हाक मारली की दचकायला होतं.

पण मला ते आठवतात ते त्या दिवशी खोली नंबर चारच्या दाराशी. निकाल सांगून झाल्यावर ते उठले आणि कागद काढायला गेले. हजारो कागद त्यांनी डकवले असतील, पण डकवलेला कागद काढायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. कोपरा धरून ओढला तर नुसता कोपराच हातात आला. नखांनी खरवडू लागले. खळ उत्तम होती. अध्यक्ष दार खरवडताहेत आणि चाळ बघते आहे, असा बराच वेळ गेला. शेवटी शोभाने आत जाऊन बादली पाहिली, ती कोरडी होती. वहिनींनी आपल्या घरातून तांब्याभर पाणी आणि उलथणं आणून दिलं. पाण्याने कागद भिजवून ते दोघं उभ्याने खरवडत राहिले, बेलीफसाहेब वरच्या बाजूने आणि मुलगी खालच्या. तिच्या आईचं नाव मधोमध होतं. ते शेवटी निघालं.

मग ते हात न धुताच माझ्याजवळ आले आणि कामाचे कागद मागितले. जिथे जिथे सुमनबाईंच्या नावापुढे प्रतिवादी लिहिलं होतं तिथे तिथे त्यांनी ते खोडून साक्षीदार केलं आणि प्रत्येक खोडीवर सही केली. मंडळाच्या कागदात याआधी त्यांनी एक काना खोडलेला मी पाहिला नव्हता. विहिरीची ओळ पूर्ण काढली. मला म्हणाले, "पक्षकाराला काही देणं नसतं. साक्षीदाराला बोलावलं की भत्ता द्यावा लागतो. काढा."

मी भत्ता पाच रुपये आणि निफाडचं एस.टी. भाडं जाऊन-येऊन सहा रुपये चाळीस पैसे असा हिशेब केला आणि अकरा रुपये चाळीस पैसे शोभापुढे धरले. तिने ते कशाचे म्हणून विचारलं. बेलीफसाहेबांनी सांगितलं. तिने खोडलेले कागद हातात घेऊन सगळे वाचले. मग सहा रुपये चाळीस पैसे माझ्या हातात परत ठेवले.

"भाडं माझं मी भरलंय. भत्ता आईचा आहे, तो द्या."

मशीन हातगाडीवर चढली तेव्हा तिचे पाय धरायला वहिनींबरोबर अख्खी चाळ आली होती. त्या दिवशीचा खर्च मी असा लिहिला आहे: सुमनबाई, साक्षीदार, यांना भत्ता रुपये पाच. मिळाले, हस्ते मुलगी.